हात एक, फिरक्या दोन

टेबल टेनिसमध्ये समोरच्याच्या मर्जीवर न चालणारा फटका एकच, तो म्हणजे सर्व्हिस. बाकी प्रत्येक चेंडू प्रतिस्पर्ध्याकडून आलेला असतो. त्याने दिलेला वेग, दिशा आणि फिरकी पत्करूनच उत्तर द्यावं लागतं. सर्व्हिसच्या वेळी चेंडू आपल्या तळहातावर असतो, घाई कसलीच नसते आणि पुढे काय होणार हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. ज्याचे पाय जड आहेत, ज्याचा बॅकहँड चार फटक्यांनंतर डगमगतो, त्यालाही वरचढ खेळाडूच्या बरोबरीने उभं राहता येईल अशी टेबलावरची ही एकमेव जागा.

हिशेबही सोपा आहे. दोघे आळीपाळीने दोन-दोन सर्व्हिस करतात. गेम ११-९ असा संपला, तर वीसपैकी दहा गुण आपल्या सर्व्हिसवर खेळले गेलेले असतात. त्या दहांपैकी तीन वेळा जरी समोरच्याची बॅट चुकीच्या कोनात आली, तरी जो गेम ११-५ असा हातचा जायचा तो शेवटपर्यंत लढला जातो. पुढच्या प्रकरणांचा विषय हे तीन गुणच आहेत. फिरकी कशी द्यायची हा त्यातला अर्धाच भाग. दिलेली फिरकी कळू कशी द्यायची नाही, हा उरलेला आणि जास्त अवघड अर्धा.

हे लिखाण ज्यांच्यासाठी आहे त्यांची खेळायची जागा डोळ्यांसमोर ठेवलेली बरी. ही जागा म्हणजे जबलपूरसारखं शहर. गढा हा जबलपूरचा जुना भाग. ही एके काळची गोंड राजांची राजधानी. १७८१ नंतर ती मराठ्यांच्या अमलाखाली आली आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेली. पुढे मध्य प्रांतात जबलपूरचा कारभार नागपूरशी जोडला गेला. रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, विद्यापीठ, गढ्यातलं मेडिकल कॉलेज अशा ठिकाणच्या नोकरी-शिक्षणाच्या निमित्तानेही मराठी घरं या शहरात रुजली. अशा शहरात टेबल टेनिस खेळलं जातं ते बहुधा वसतिगृहाच्या कॉमनरूममध्ये, नाहीतर वसाहतीच्या एखाद्या हॉलमध्ये. टेबल एक आणि वाट बघणारे दहा. जिंकेल तो टेबलावर, हरेल तो बाकावर. लहानपणापासून प्रशिक्षकाकडे शिकलेला एखादा मुलगा त्या टेबलावर संध्याकाळभर हलत नाही, आणि इतरांच्या वाट्याला तासाभरात एक गेम येतो. त्या एका गेममध्ये रॅली सुधारत नाही, पायही सुधारत नाहीत. सर्व्हिस मात्र एकट्याने घोटता येते. त्यासाठी जोडीदार लागत नाही आणि सुरुवातीला टेबलही लागत नाही.

आता मुद्द्याचं. फसवी सर्व्हिस नवख्यावर फारशी चालत नाही. नवखा खेळाडू बॅटकडे बघतच नाही. तो चेंडूखाली बॅट धरतो आणि नशिबावर सोडतो. फिरकी लपवलेली असो की उघडी, त्याचे निम्मे चेंडू पलीकडे जातात आणि निम्मे नेटमध्ये. फसतो तो वाचणारा. चांगला खेळाडू सर्व्हिस करणाऱ्याच्या मनगटाकडे, बॅटच्या कोनाकडे बघून चेंडू नेट ओलांडायच्या आतच मनात निर्णय करून टाकतो: खाली कापलेला आहे, बॅट उघडायची. हा निर्णय लवकर होतो म्हणूनच तो चांगला खेळाडू असतो. त्याच्या या लवकर वाचण्याच्या सवयीला चुकीचा मजकूर पुरवणं, एवढंच सर्व्हिस करणाऱ्याचं काम आहे. बलवानाला त्याच्या कौशल्याच्याच वाटेने गाठता येतं, आणि म्हणून ही विद्या दुबळ्याच्या जास्त उपयोगाची आहे.

या विद्येतलं सर्वांत मोठं नाट्य मराठी वाचकाच्या ओळखीच्या शहरात घडलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशियात भरलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. जपान या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता आणि त्यांच्या संघात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ अंगाचा एक खेळाडू होता. तोवरच्या बॅटला पातळ, दाणेदार रबर असे. त्यावर चेंडू लागला की ‘टक’ असा कोरडा आवाज येई, आणि मोठे खेळाडू त्या आवाजावरून फटक्याचा जोर ओळखत. सातोच्या बॅटला जाड स्पंज होता. स्पंजमध्ये चेंडू क्षणभर रुतायचा आणि जवळजवळ मुक्यानेच परत यायचा. वेग किती, फिरकी किती, याचा अंदाज ज्या कानाने घ्यायचा त्या कानाला काही ऐकूच येईना. विजेतेपदाचा दावेदार म्हणून आलेला अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला. त्या स्पर्धेतल्या सातपैकी चार अजिंक्यपदं जपानने नेली.

सातो हा त्या मैदानातला सर्वांत गुणी खेळाडू होता असं म्हणणं कठीण आहे. ज्यांना त्याने हरवलं त्यांची कारकीर्द त्याच्याहून लांब आणि भरीव होती. पण समोरचा ज्या खुणांवर विसंबून खेळतो त्या काढून घेतल्या, तर वरचढ माणूसही चाचपडतो, हे त्याने मुंबईत सगळ्या जगाला दाखवलं. टेबल टेनिसचा पुढचा पन्नास वर्षांचा इतिहास एका अर्थाने याच गोष्टीभोवती फिरत राहिला. खेळाडू खुणा दडवायला नवी युक्ती काढायचे आणि नियम करणारे त्या खुणा पुन्हा उघड्यावर आणायचे.

याची सुरुवात खरं तर त्याहून जुनी. १९३७ मध्ये ऑस्ट्रियातल्या बाडेन इथे अमेरिकेच्या पुरुष संघाने सांघिक अजिंक्यपदाचा स्वेथलिंग कप जिंकला, तेव्हा सोल शिफसारखे त्यांचे खेळाडू मोकळ्या हाताच्या बोटांनीच चेंडूला पीळ देऊन सर्व्हिस करत. बोटांत दिलेली ती फिरकी समोरच्याला कळणार कशी? त्यानंतर बोटांच्या फिरकीवर बंदी आली. आज सर्व्हिसच्या आधी चेंडू उघड्या तळहातावर स्थिर ठेवावा लागतो त्याचं मूळ तिथे आहे. कॉमनरूममध्ये चिमटीत चेंडू धरून सर्व्हिस करणाऱ्याला हा नियम उगाचची शिस्त वाटतो, पण त्यामागे हा सगळा पूर्वेतिहास आहे.

सातोनंतर स्पंजला १९५९ मध्ये जाडीची मर्यादा घातली गेली. रबर आणि स्पंज मिळून ४ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. मग सत्तरच्या दशकात दुसरी वाट निघाली. बॅटच्या एका बाजूला चेंडू पकडणारं रबर आणि दुसऱ्या बाजूला फिरकी न घेणारं, घसरडं अँटिस्पिन किंवा लांब दाण्यांचं रबर. दोन्ही बाजूंचा रंग मात्र एकच. हातातल्या हातात बॅट फिरवली की कुठल्या बाजूने चेंडू लागला ते कळायचं नाही. आवाजातला फरक ऐकू जाऊ नये म्हणून सर्व्हिसच्या क्षणी जमिनीवर पाय आपटणारेही होते. इंग्लंडचा जॉन हिल्टन १९८० मध्ये बर्न इथे अशीच बॅट घेऊन युरोपचा विजेता झाला. स्पर्धेआधी त्याचं नाव कुणी संभाव्य विजेत्यांत घेतलं नव्हतं. पुढे काही वर्षांतच बॅटच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असण्याची सक्ती झाली, एक बाजू काळी आणि दुसरी लाल. २०२१ पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालतात, पण एक बाजू काळी हवीच.

तरीही सर्व्हिसचा एक आडोसा शिल्लक होता, खेळाडूचं स्वतःचं शरीर. चेंडू उंच उडवायचा, मोकळा हात छातीपुढे तसाच ठेवायचा आणि बॅट लागण्याचा क्षण त्या हाताआड किंवा खांद्याआड उरकायचा. नव्वदच्या दशकात जगातले अव्वल खेळाडू सर्रास असं करत, आणि ते नियमात बसत होतं. सप्टेंबर २००२ पासून ते बसेनासं झालं. आता चेंडू सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंत सगळा वेळ समोरच्याला दिसला पाहिजे, आणि चेंडू उडवल्याबरोबर मोकळा हात चेंडू आणि नेट यांच्या मधून बाजूला झाला पाहिजे. चेंडू जवळजवळ सरळ वर, निदान १६ सेंटिमीटर उडवायचा. नेटची उंची १५.२५ सेंटिमीटर असते, तेव्हा नेटहून किंचित जास्त असं माप डोळ्यांसमोर ठेवलं की चुकत नाही. सर्व्हिस एंडलाइनच्या मागून आणि टेबलाच्या पातळीच्या वरूनच व्हायला हवी. ती नियमाला धरून आहे हे पंचांना दिसेल अशी करणं ही खेळाडूची जबाबदारी. सामन्यात पहिल्यांदा शंका आली तर पंच ताकीद देऊ शकतात, पुन्हा आली तर गुण जातो.

हा बदल खेळाच्या भल्याचा झाला, यात शंका नाही. झाकून केलेल्या सर्व्हिसमध्ये समोरच्याला वाचायला काहीच मिळत नाही आणि न वाचता हरलेल्या गुणात दोघांचंही कसब दिसत नाही. उघड्यावर केलेल्या सर्व्हिसमध्ये समोरच्याला सगळं दिसतं, तरीही तो चुकतो. या लिखाणात ‘फसवणं’ हा शब्द वारंवार येईल, तो या दुसऱ्या अर्थानेच. कोपर पुढे आणून चेंडू झाकायची सवय वसाहतीच्या हॉलमध्ये खपून जाते, जिल्ह्याच्या स्पर्धेत पंच बसले की तीच सवय अंगाशी येते. आणि ती मोडायला महिने लागतात.

मग सगळं उघडं ठेवून लपवायचं काय? चेंडूला बॅट लागते तो क्षण. मदनमहाल किल्ल्याच्या पायथ्याशी एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर जेमतेम टेकून उभी आहे. जबलपूरचे लोक तिला ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणतात. २२ मे १९९७ च्या भूकंपातही ती हलली नाही. तिचा सगळा भार जसा त्या इवल्या टेकूवर, तसा सर्व्हिसचा सगळा डोलारा चेंडू आणि रबर यांच्या एका इवल्या स्पर्शावर उभा असतो. हा स्पर्श टिकतो सेकंदाचा साधारण हजारावा भाग. त्याच्या आधीची आणि नंतरची हालचाल कितीही मोठी असली, तरी २.७ ग्रॅमच्या चेंडूला त्यातलं काही कळत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र ती मोठी हालचालच दिसते. या तफावतीत सगळी विद्या आहे.

जवळून बघायचं तर फोरहँडची पेंड्युलम सर्व्हिस घ्यावी. उजव्या हाताचा खेळाडू टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी, अंग आडवं करून उभा राहतो. मुठीवरची शेवटची तीन बोटं सोडून देतो आणि बॅट अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरतो, म्हणजे मनगट मोकळं होतं. चेंडू खाली येऊ लागला की हात कोपरातून घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो: आधी खाली, मग आडवा, मग वर. या अर्धवर्तुळावर चेंडू कुठे भेटला त्यावर फिरकी ठरते. बॅट खाली जात असताना भेटला तर खालून कापला जातो, म्हणजे बॅकस्पिन, थोडी बाजूची फिरकी मिसळलेली. तळाशी भेटला तर निव्वळ साइडस्पिन. बॅट वर चढू लागल्यावर भेटला तर टॉपस्पिन. बघणाऱ्याला तिन्ही वेळा एकच झोका दिसतो. बॅट लागल्यानंतर कोपर वर उचलून प्रत्येक वेळी एकसारखा शेवट केला, तर बॅट नेमकी कुठे लागली हे शोधायला त्याच्याकडे निमिषभरही उरत नाही.

पण या तिघांहून घातक चौथा चेंडू आहे, आणि खेळणारे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. तो म्हणजे फिरकी नसलेला चेंडू.

बॅकस्पिनला बॅट उघडून, खालून उचलावं लागतं. नाही उचललं तर चेंडू नेटमध्ये जातो. फिरकी नसलेल्या चेंडूला तसंच उचललं तर तो उंच उडतो आणि सर्व्हिस करणाऱ्याला स्मॅशसाठी आयता मिळतो. एका चेंडूला जे उत्तर बरोबर तेच दुसऱ्याला चूक. त्यामुळे दोन्ही चेंडू एकाच हालचालीतून येऊ लागले की समोरच्याला प्रत्येक वेळी पैज लावावी लागते. साइडस्पिन आणि टॉपस्पिन यांच्यात इतकं सरळ वैर नाही. म्हणून चार प्रकारच्या सर्व्हिस अर्ध्यामुर्ध्या येण्यापेक्षा ही एक जोडी पक्की असणं जास्त मोलाचं आहे. दुकानात नवं महागडं रबर शोधत फिरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. पण ही जोडी साध्या रबरावरही जमते.

ती जमवायची कशी? बॅटचं टोक आणि बॅटची मूठ यांचा वेग वेगळा असतो. मनगट झटकलं की टोक सर्वांत जोरात फिरतं आणि मुठीजवळचा भाग जवळपास जागेवरच असतो. टोकाजवळ चेंडूला घासून घेतलं की भरघोस फिरकी, मुठीजवळ घेतलं की जवळजवळ शून्य. हात तोच, जोर तोच, बदल फक्त चार बोटांच्या अंतराचा. दुसरी रीत वेळेची आहे. मनगट चेंडू लागायच्या अगदी आधी सैल सोडायचं आणि लागून गेल्यावर जोरात झटकायचं. झटका खरा, पण चेंडू निघून गेलेला. तिसरी गोष्ट आवाजाची. घासलेला चेंडू हलका सुस्कारा टाकतो आणि न घासलेला जरा भरीव वाजतो. सातोच्या काळापासून कान लावून खेळणारे लोक आहेत, त्यामुळे शांत हॉलमध्ये एवढ्यावरही गुपित फुटतं. यावर उपाय एकच, फिरकी नसलेला चेंडूही हळुवार घ्यायचा, ठोकायचा नाही.

वाचणाऱ्याकडेही साधनं असतात. बॅकस्पिनचा चेंडू पहिल्या टप्प्यानंतर रेंगाळतो, फिरकी नसलेला सरळ पुढे येतो. चेंडूवर कंपनीचा छापा असतो. चेंडू गरगरत असला तर तो पुसट होतो आणि फिरकी नसली तर डोळ्यांना सापडतो. तयारीचे खेळाडू हा छापा खरोखर बघतात. म्हणून सर्व्हिस आखूड ठेवावी. समोरच्या बाजूला दोन टप्पे पडतील इतकी आखूड असली की त्याला टेबलावर वाकून, नेटजवळच निर्णय घ्यावा लागतो.

स्वीडनचा यान-ओव्हे वाल्डनर हा या कलेचा सर्वांत गाजलेला उस्ताद. १९८९ आणि १९९७ चा जगज्जेता, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. १९९७ मध्ये मँचेस्टरला त्याने सबंध एकेरी स्पर्धा एकही गेम न गमावता जिंकली, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्याच्या सर्व्हिसची चित्रफीत हळू गतीने बघितली तरी काही वेळा फिरकीची दिशा चटकन सांगता येत नाही. तो काळ २००२ च्या आधीचा, तेव्हा त्यातलं काही श्रेय आडोशालाही जातं. पण एकाच झोक्यातून वेगवेगळे चेंडू काढण्याचं त्याचं कसब नियम बदलल्यानंतरही त्याच्याजवळ राहिलं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता.

महाराष्ट्राच्या बाजूने बघायचं तर २०१८ मधलं गोल्ड कोस्ट आठवावं. राष्ट्रकुल स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. अंतिम फेरीत सिंगापूरला ३-१ असं हरवताना दुहेरीचा सामना मधुरिका आणि मौमा दास यांनी जिंकला. मनिका बत्राने जागतिक क्रमवारीत चौथ्या असलेल्या फेंग तियानवेईला याच लढतीत हरवलं आणि काही दिवसांनी एकेरीच्या उपांत्य फेरीत पुन्हा हरवलं. मनिकाच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर असतं. समोरून आलेली फिरकी ते रबर जवळजवळ तशीच परत पाठवतं, त्यामुळे पुश केल्यासारखा दिसणारा चेंडू प्रत्यक्षात वेगळाच निघतो. इथे फिरकी लपते ती रबरात, हातात नाही, पण चुकीचं वाचन घडवून आणायचं तत्त्व एकच. दुहेरीत तर सर्व्हिसला आणखी एक साक्षीदार लागतो. तिसरा चेंडू, म्हणजे परत आलेल्या सर्व्हिसवरचा फटका, जोडीदाराने खेळायचा असल्यामुळे त्याला आधी सांगावं लागतं. म्हणून दुहेरीतले खेळाडू सर्व्हिसआधी टेबलाखाली हात नेऊन बोटांनी खूण करतात. समोरच्या दोघांपासून जे दडवायचं ते शेजारच्याला कळवायचं, हे दुहेरीतलं जास्तीचं काम.

वरचढ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ही जोडी कशी खर्च करायची, यावर एक वेगळं प्रकरण पुढे आहे. तूर्त एवढंच की पहिल्या काही सर्व्हिस प्रामाणिक, भरपूर कापलेल्या कराव्यात. त्याने वाचावं, बॅट उघडावी, चेंडू नीट परत करावा. त्याचा विश्वास बसला की मग फिरकी काढून घ्यायची. उलट क्रमाने गेलं तर तो पहिल्यापासूनच सावध होतो. चांगला खेळाडू दुसऱ्या गेमपर्यंत सावरतोच. तो वाट बघू लागतो, चेंडू मधोमध घेऊन सुरक्षित परत करू लागतो. तेव्हा त्याचा परतीचा चेंडू ढिला होतो आणि खरा फायदा तिथे असतो. पण उंच आलेला तो तिसरा चेंडू मारता येत नसेल, तर सर्व्हिस कितीही फसवी असली तरी हाती काही लागत नाही. सर्व्हिसच्या सरावात तिसऱ्या चेंडूचा सराव धरलेला आहे तो यासाठी.

सरावाला सुरुवात घरच्या फरशीवर करता येते. गुडघ्यावर बसून चेंडू खालून कापत पुढे टाकायचा. बॅकस्पिन पुरेशी असेल तर चेंडू थोडा पुढे जाऊन आपल्याकडे परत येतो. त्याच हालचालीत, मुठीजवळ चेंडू घेऊन, तो परत न येता जागीच रेंगाळेल असं करायचं. हे दोन्ही पाठोपाठ जमू लागलं की टेबलाकडे जावं. चेंडूवर मार्करने एक जाड रेघ ओढली तर फिरकी आपल्यालाही दिसते. मग बाकावर वाट बघणाऱ्या एखाद्या मित्राला समोर उभं करावं आणि चेंडू नेट ओलांडायच्या आत ‘कट’ की ‘साधा’ हे त्याने मोठ्याने सांगायचं, असं ठरवावं. वीस सर्व्हिसमध्ये त्याचे पंधरा अंदाज बरोबर आले, तर हालचालीत कुठेतरी फरक दिसतो आहे. तो कुठे दिसला हे त्यालाच विचारावं: खांदा आधी उचलला गेला, चेंडू कमी उडवला, की चेहऱ्यावर काही आलं. दहा-बारा बरोबर आले तर तो नुसता अंदाज बांधतो आहे, आणि मग ही सर्व्हिस संध्याकाळभर टेबल न सोडणाऱ्या त्या मुलासमोर काढायला हरकत नाही.